डोळ्याखालचा छर्रा

“काठीनं असं होत नाही.”

पडद्यापलीकडे डॉक्टरबाई सिस्टरला कन्नडमध्ये सांगत होत्या. मला ऐकू जाणार नाही अशा बेताने. पण माझ्या उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली होती, आणि एक डोळा झाकला की माणूस कानांनी बघायला लागतो.

पडदा सरकला. डॉक्टरांनी मलाच विचारलं, नक्की काय लागलं? ते कळल्याशिवाय आत काय शोधायचं ते ठरत नाही. मी अप्पांकडे बघितलं.

अप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अळनावरजवळच्या एका खेड्यात त्यांची शेती आहे. तिथून हुबळीला येताना, धारवाड मागे पडल्यावर, गाडीत त्यांनीच ठरवलं होतं की काठी लागली म्हणायचं. पाच वर्षांच्या नातीचं नाव पोलिसांच्या कागदावर यायला नको. आईने मान डोलावली होती. मीही.

डॉक्टर थांबल्या होत्या. मी काही बोलले नाही. बोलले ते अप्पाच. टोपी काढून हातात घेत म्हणाले, “बंदूक. एअर गन. माझी आहे.”

त्या एका वाक्यासाठी मी अप्पांची आयुष्यभर ऋणी राहीन. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच सीटी स्कॅन सांगितला. काठी म्हणून धरून बसलो असतो, तर कदाचित नुसतं डोळ्यातलं रक्त उतरायची वाट बघितली असती, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

स्कॅनमध्ये तुरीच्या डाळीएवढा एक पांढरा ठिपका दिसला. छर्रा खालच्या पापणीतून शिरून डोळ्याच्या गोळ्याखालून गेला होता आणि मागच्या हाडापाशी अडकला होता. गोळा फुटला नव्हता. मार बसून हायफीमा झाला होता, म्हणजे बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त साचलं होतं. समोर डॉक्टरांचा हात हलतोय एवढंच मला त्या डोळ्याने कळत होतं. बोटं किती ते नाही.

“नजर येईल का?” आईने विचारलं.

“आज सांगत नाही. पाच दिवसांनी विचारा,” डॉक्टर म्हणाल्या.

एमएलसी हा शब्दही तेव्हाच ऐकला. मेडिको-लीगल केस. बंदुकीची जखम असली की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. एक हवालदार आले, अप्पांचा जबाब घेतला, मुलीचं वय लिहून घेतलं, घरी पूजा होती का विचारलं आणि गेले. ज्याला घाबरून आम्ही वाटेत खोटं जुळवलं होतं, ते अर्ध्या तासात आटोपलं.

आता काय झालं ते सांगते. अशा बंदुका असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून मराठीत सांगते, नाहीतर मला लिहायचं म्हटलं की इंग्रजीच आधी सुचतं.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी अप्पांकडे जातो. पाटावर विळे, कोयते, औषध मारायचा पंप, गाडीच्या किल्ल्या मांडल्या जातात. हुबळीच्या देशपांडे नगरहून, आमच्या घरून आलेला माझा लॅपटॉपही असतो, त्यालाही हळदकुंकू लागतं. आणि मध्ये झेंडूची माळ घातलेली एअर गन. माकडं कौलं उचकटतात, मका लुटतात, त्यांना पिटाळायला अप्पांनी ती घेतली आहे. अवनीला, त्यांच्या नातीला, चालायला लागल्यापासून त्या बंदुकीच्या पाया पडायला शिकवलंय. हात लावू नको हे कुणी शिकवलं नव्हतं. एकदा पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही, मग वेगळं काय शिकवायचं?

त्या सकाळी माकडं कौलांवर आली होती. अप्पांनी बंदुकीची नळी वाकवली, छर्रा घातला, नळी सरळ केली. तेवढ्यात माकडं आपणहून निघून गेली. आतून पूजेची हाक आली. अप्पांनी बंदूक फडक्याने पुसली आणि पाटावर ठेवली.

मी पायरीवर बसून हे बघत होते. बार उडाला नव्हता हे माझ्या लक्षात आलं होतं. मनात म्हटलं, अप्पांना कळत असेल, चाळीस वर्षं शेती करतायत. वर्षातून दोनदा येणारी हुबळीची पोर, हिने त्यांना काय सांगायचं? घरात माझी ओळखच अशी आहे की मी बोलत नाही. वहिनी, म्हणजे अवनीची आई, थट्टेने म्हणते, हिच्या तोंडाला इंग्रजी शाळेनेच कुलूप लावून पाठवलंय.

जेवणानंतर मी पाटासमोर भिंतीला टेकून बसले होते. अवनी आली, पाया पडली. बंदुकीवरची माळ एका बाजूला घसरली होती, ती सरळ करायला तिने बंदूक उचलली. पुढचं मला आवाज म्हणून आठवतं, दुखणं म्हणून नाही. पाच वर्षांच्या मुलीला ती नळी वाकवता येत नाही. चाप मात्र ओढता येतो.

असं कुणाला लागलं तर डोळा चोळू नका, दाबू नका, पाण्याने धुऊ नका. वरून काहीतरी टणक, म्हणजे चहाचा प्लास्टिकचा कपसुद्धा चालेल, नुसती झाकण म्हणून ठेवा आणि निघा. अंगठ्याने दाबून धर असं मला तिथे तिघांनी सांगितलं होतं. वाटेत अ‍ॅस्पिरिनसारखी गोळीही देऊ नका, रक्त वाढतं. हे सगळं मला नंतर कळलं. मी दाबलं नाही ते केवळ भीतीने.

दवाखान्यात सहा दिवस होते. उपचार म्हणजे बहुतेक निजून राहणं, डोकं उंच ठेवून, म्हणजे रक्त खाली बसतं. दर काही तासांनी थेंब. बाहुली मोठी करणारे, सूज उतरवणारे. रोज डोळ्यातला दाब मोजायचा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्त येऊ शकतं, म्हणून ते दिवस सांभाळायचे. कस्तुरी सिस्टरने माझा मोबाइल स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाली, “तुझ्या लॅपटॉपची पूजा झाली ना? मग त्यालाही जरा विश्रांती घेऊ दे.”

तिसऱ्या दिवशी कपाळ ठणकायला लागलं. दाब वाढला होता. सिस्टरने मला न विचारताच ओळखलं, कारण मी दुखतंय असंही सांगत नव्हते. तिने डॉक्टरांना बोलावलं, आणखी एक औषध सुरू झालं. जाताना ती उशाशी वाकून, कन्नडमध्ये लेकीला लाडाने ‘आई’ म्हणतात तसं, म्हणाली, “बोलत जा गं अव्वा. आम्हाला काय स्वप्न पडणार आहे?”

पाचव्या दिवशी बोटं मोजता आली. आई रडली. मला रडायची बंदी होती.

त्याच दुपारी वहिनी अवनीला घेऊन आली. अवनी दारातच थांबली, उजवा हात पाठीमागे धरून. वहिनी तिला चुचकारत होती, “बघ, आत्याला काठी लागली होती, आता बरी आहे.” डॉक्टरांना खरं कळलं होतं, पोलिसांना कळलं होतं. काठी फक्त अवनीसाठी उरली होती. तिने स्वतःच्या आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती माझ्याकडून काहीतरी ऐकायला थांबली होती. मी हसले फक्त. ती गेली तरी हात पाठीमागेच होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी अप्पांना बसवून घेतलं. छर्रा आतच राहील, म्हणाल्या, काढायला जाण्यात धोका जास्त. पुढे कधी कुणी एमआरआय सांगितला तर आधी हे सांगायचं, कारण त्या यंत्रात मोठं चुंबक असतं आणि आतला धातू हलू शकतो. मग बंदुकीकडे वळल्या. मुलीला रागवू नका. तिला शिकवा, पण शिकवलं म्हणजे झालं असं समजू नका. सांगितलेली मुलंसुद्धा हात लावतात. रिकामी करणं आणि कुलपात ठेवणं हे मोठ्यांचं काम.

अप्पांनी ते शब्दशः पाळलं. बंदूक आता रिकामी करून लोखंडी पेटीत असते, छर्रे वेगळ्या कपाटात, आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला. ठेवण्याआधी नळी वाकवून वहिनीला दाखवतात. साठी उलटलेल्या माणसाने सुनेला असं दाखवणं ही लहान गोष्ट नाही.

तीन आठवड्यांत मला डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी सोडून सगळ्या दिसायला लागल्या. डॉक्टर, सिस्टर, गाडी हाकणारा माझा चुलतभाऊ, आणि थोडक्यात चुकलेला तो छर्रा, सगळ्यांचे उपकार आहेत. पण अवनीचा हात मला झोपू देत नव्हता.

दिवाळीत आम्ही पुन्हा अप्पांकडे गेलो. गल्लीत मुलं टिकल्यांची पिस्तुलं उडवत होती. प्रत्येक आवाजाला अवनी अप्पांच्या धोतराला चिकटत होती. अप्पा कट्ट्यावर बसून तिला पुन्हा पाठ देत होते. कुणाच्याही घरी बंदूक दिसली, खेळण्यातली वाटली तरी, काय करायचं?

अवनीने डाव्या हाताची बोटं मोजली. “हात लावायचा नाही. मागं फिरायचं. मोठ्या माणसाला सांगायचं.”

“शाब्बास.”

तिने तीच बोटं पुन्हा मोजली. मग म्हणाली, “आणि अप्पा, मोठ्या माणसाला दिसली तर तो कुणाला सांगतो?”

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. वहिनी फराळाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आई माझ्याकडे बघत नव्हती, कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांना सवय आहे.

मी पायरीवरून उठले आणि अवनीसमोर जमिनीवर बसले. तिचा उजवा हात पाठीमागून पुढे आणून माझ्या हातात घेतला.

“मला दिसली होती, अवनी. अप्पांनी बंदूक भरली आणि तशीच पूजेत ठेवली, ते मी बघितलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. काठी नव्हती ती, बंदूकच होती, तुला माहीत आहे ते बरोबर आहे. तू फक्त माळ सरळ करत होतीस. चूक आमची होती.”