लाइटवाल्या बाई

मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की माणसांच्या आधी पंख्यांकडे बघत. रिकाम्या खुर्चीवर पंखा फिरत असेल तर बोलणं अर्धवट सोडून बटण बंद करून येत. एका सचिवांच्या दालनातही त्यांनी हे केलेलं मी पाहिलं आहे. ऊर्जाबचतीचं काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या त्या प्रमुख. कारखान्यातल्या बॉयलरपाशी नोकरी सुरू करून हवामान धोरण ठरवणाऱ्या समित्यांपर्यंत पोचलेल्या. मुरबाडकडच्या भातगिरण्यांत मात्र त्यांना 'लाइटवाल्या बाई' म्हणत. ते नाव त्यांना आवडायचं.

मी शहापूरची, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. मुलाखतीत मी जेमतेम चार वाक्यं बोलले. "कमी बोललीस तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण पाहिलेलं गिळू नकोस." पुढे गिरणीवाल्यांशी मी अडखळत मराठी बोलू लागले की हसायच्या. "अगं, काटकसर विजेची करायची आहे, शब्दांची नाही."

गिरण्यांत कमी वीज खाणाऱ्या मोटरी बसवण्याची योजना हे त्यांचं निवृत्तीआधीचं शेवटचं काम होतं. भाद्रपदात मी पाच गिरण्यांत मीटर लावून मोजमाप केलं. मोटरी गरजेपेक्षा फारच मोठ्या निघाल्या, लहान बसवल्या तर भरपूर बचत. मॅडम खूश झाल्या. अहवालावर त्यांनी माझं नाव स्वतःच्या वर घातलं.

योजनेला मंजुरी देणाऱ्या समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी फोटो काढायला मुरबाडजवळच्या गिरणीत गेले. कापणी झाली होती, पोत्यांची रांग लागली होती आणि मोटर अशी घुमत होती की मला ती ओळखूच येईना. "त्या दिवशी एवढा आवाज नव्हता," मी म्हटलं.

"तवा भात कुठं होता गो?" गिरणीवाले काका म्हणाले. "तू बोललीस, चालती गिरण दाखवा. लांबून आलेली पोर, नाय कसं बोलायचं? रिकामीच फिरवली."

एसटी स्टँडवर मी दोनदा फोन काढला आणि पर्समध्ये ठेवला. तिसऱ्यांदा लावला. सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, "बाकीच्या चार?"

"तिथेही तसंच झालं असेल."

"असेल नको. विचार."

विचारलं. चारही ठिकाणी पाहुणचार सारखाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. "मोजमाप चुकीच्या वेळी झालं. लहान मोटर भर हंगामात जळेल आणि गिरणी बंद पडेल. चूक माझी." कुणीतरी विचारलं, तुमच्या निवृत्तीच्या आत पुन्हा मोजून मंजुरी होईल का? "मोजून होईल. मंजुरी पुढचे घेतील," त्या म्हणाल्या आणि कागद पिशवीत भरले.

जिन्यात मी माफी मागायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "तारीख मीच ठरवली होती. जन्मभर दोघी भात खातो, आणि तो कधी कापतात ते एकीलाही आठवलं नाही." मग त्या इतक्या हसल्या की मलाही हसू फुटलं.

उरलेल्या आठवड्यांत त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. तुसाच्या धुळीत पोत्यावर बसून मोजणीचे आकडे मला सांगायच्या, मी लिहायची. मग निवृत्त झाल्या. योजना पुढच्या वर्षी आली. तिच्या कागदांवर त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

काकांनी नवी मोटर चालू केली आणि भात सोडला. मोटर जराही अडखळली नाही. मी मॅडमना फोन लावला. त्यांना ऐकू जावं म्हणून तो गिरणीजवळ धरला. मग काकाच फोनवर वाकले. "बाई, नव्या मोटरवरचा पहिला तांदूळ तुमचा. येताय का, का पोरीसंगती पाठवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी होते.