चार डिस्कचा क्रम

कामशेतचा तो दुरुस्तीवाला बिघडलेल्या डिस्कला आधी कान लावतो आणि डोळे मिटतो. आमच्या लोणावळ्याच्या धुक्यात तो तसा बसला, की तो ऐकतोय की झोपलाय हे मला कळत नाही.

वीज सारखी कमीजास्त होऊन घरच्या संगणकाचा चार डिस्कचा डबा बंद पडला. माझी दिवंगत पत्नी रोज पावसाचं माप मोठ्यानं वाचायची, मी लिहून घ्यायचो. अकरा वर्षं रेकॉर्ड केलेला तिचा तो आवाज त्यातच होता. घाबरून मी डिस्क बाहेर काढल्या, पण क्रम लिहिला नाही. क्रमाशिवाय त्यातलं काहीच वाचता येत नाही.

"काका, पाऊस मोजता लय बारीक, आन् ह्यांच्यावर नंबर न्हाई व्हय?" तो हसला. "डिस्क जित्या हायेत. पॉवर सप्लाय मेलाय."

सप्लाय बदलून त्यानं आधी चारही डिस्कच्या नकला केल्या. मग नकलांवर चोवीस क्रमांतला एकेक लावून पाहिला. सतराव्याला फायली दिसल्या.

"तुमचं माणूस हाय, तुमीच ऐका," म्हणत त्यानं दार ओढून घेतलं. खिडकीतून तो अंगणात पाठमोरा उभा दिसत होता.

मी एक फाईल उघडली.

"बासष्ट मिलिमीटर," ती म्हणाली. "लिहिलंत का?"