तटबंदीतला काना

मालतीवहिनींचा फोन आला तेव्हा मी लॉनला पाणी घालत होतो. "भावोजी, हे गेले हो... चहा मागितला, आणि मी करून आणेपर्यंत..." त्याला आता पाच आठवडे झाले. निरोप देताना एक तरुण मुलगी उठून म्हणाली, "वी विल मिस यू, जांग्या काका," आणि रडणारे सगळे खुदकन हसले. मीही हसलो. अमेरिकेतल्या या ट्रॉय शहरातल्या आम्हा मराठी मंडळींत माझ्या मित्राला, सुधाकरला, हेच नाव होतं. ते कुणामुळे पडलं, हे त्याच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं. आज ते लिहून टाकतो.

निवृत्तीनंतर आम्ही दोन जोडपी फ्रान्सला गेलो होतो. नदीकाठच्या एका गावात मध्ययुगातली तटबंदी थोडी शिल्लक आहे... दोन बुरूज, नदीकडे उघडणारा दरवाजा आणि मधली शे-दीडशे पावलं भिंत. बाकीचे दगड लोकांनी घरं बांधायला नेले. सुधाकरचा जन्म मोटारींचे दरवाजे डिझाइन करण्यात गेलेला. तो त्या दरवाजापाशी बिजागरीच्या खुणा शोधत बसला. मग भिंतीकडे वळला. "दत्त्या, ही फट बघ! बाहेरून बोटभर, आतून हातभर. बाण मारणारा आत निवांत!" मी म्हणालो, "तू बघ, मला वरचं दिसतंय." वर बुरुजात कुणीतरी राहत होतं आणि त्यांचे कपडे दोरीवर वाळत होते, बहुतेक आतलेच.

परत आल्यावर त्याने आमच्या दिवाळी अंकासाठी हाताने लेख लिहून दिला. टायपिंग आणि मुद्रितशोधन माझ्याकडे. त्यात जागोजागी 'जंग्या' होतं. तटातल्या त्या फटींना आपल्या किल्ल्यांवर जंग्या म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांपुढे ती दोरी होती. वाटलं, काना राहिला. मी सगळीकडे काना दिला! छापून आलं: 'नदीच्या बाजूने तटात ओळीने जांग्या आहेत. शत्रूला त्या दिसत नाहीत, पण त्यांतून शत्रू स्वच्छ दिसतो.'

दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी हे माइकवर वाचलं. हॉल कोसळायचा बाकी राहिला. "कुणाचे हो हे संशोधन?" सुधाकरने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चिवडा चावत होतो. "माझंच," तो म्हणाला, "शुद्धलेखन कच्चं आहे माझं." शाळेत शुद्धलेखनात पहिला येणारा माणूस! पुढे एकदा गाडीत मी धीर करून म्हणालो, "सुधाकर, तो काना..." तर हा म्हणतो, "अरे, एक्झिट गेली बघ."

दर दिवाळीत तो गराजमध्ये मुलांसाठी किल्ला करायचा, त्याच फ्रेंच गावाचा. निळ्या कागदाची नदी, पेन्सिलीने पाडलेल्या जंग्या, आणि त्या लेखानंतर दोन बुरुजांमध्ये दोरा बांधून त्यावर बोटाएवढ्या चड्ड्या. मुलं आधी त्याच मोजायची.

परवा वहिनींनी खोका आणून दिला. "यंदा किल्ला तुम्ही करा." चड्ड्या होत्या, दोरा होता, आणि पुठ्ठ्याच्या दोन पाट्या. एकीवर 'जंग्या', दुसरीवर 'जांग्या'. ही दुसरी पाटी मी कितीदा पाहिली होती, उलटून मात्र कधी पाहिली नव्हती. मागे त्याच्या सुबक अक्षरात होतं, 'काना साभार', आणि खाली नावासाठी जागा कोरी.

किल्ला उभा राहिलाय. पाटी आता उलटी लावलीय, कोऱ्या जागेत माझं नाव लिहून.