अप्पांच्या घड्याळाची तबकडी

जुन्या पोथ्या तपासताना, लेखनिकाने चुकलेल्या जागी पिवळी हरताळ फासून त्यावर काढलेले अक्षर ओळखण्याची सवय मला लागली होती. तीच दृष्टी घड्याळाच्या तबकडीवरही चालते, हे ध्यानात आल्यापासून मळमड्डीतील लोक आपली जुनी घड्याळे मला दाखवू लागले. दुरुस्ती मला येत नाही. मूळ तबकडीवरील अंक आणि तिचा रंग एकत्रच फिके होत जातात, आणि मिनिटकाटा कडेच्या बारीक रेघांपर्यंत पोहोचतो, एवढे मात्र भिंगातून दिसते.

सत्तरीचे दशक सरत आले होते. शेजारचे गृहस्थ, ज्यांना सारी आळी अप्पा म्हणे, निवर्तल्यावर त्यांचे मनगटी घड्याळ मुलाकडे, अण्णाकडे, आले. धाकटी मुलगी नवनगरला दिलेली. एकदा ती माहेरी आली आणि तिची नजर भावाच्या हातातल्या घड्याळाकडे गेली. अप्पांची तबकडी सायीच्या रंगाची होती. ही चुन्यासारखी पांढरी. अण्णाने अप्पांचे घड्याळ विकले, असे तिच्या मनाने घेतले. घड्याळ तेच आहे, याहून अधिक तो काही सांगेना. तिचे माहेरी येणे थांबले. शेवटी, गुरुजींनी, म्हणजे मी, पाहून काय ते सांगावे, असे दोघांनी कबूल केले.

त्यांच्या सोप्यात मी भिंग लावले. त्या दोघांच्या आई बाजूला फुलवाती वळत होत्या. अंकांच्या कडा फुगलेल्या होत्या आणि मिनिटकाटा रेघांना शिवत नव्हता.

"तबकडी रंगवलेली आहे," मी म्हणालो. "काटेही नंतरचे."

"ऐकलंस, अण्णा?" बहीण म्हणाली.

त्याने एकदा आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. ते पाहणे मला खटकले. मी काच धरून ठेवणारी कडी उचलून आत पाहिले. तबकडीच्या भोवती, जिथे रंगाऱ्याचा कुंचला पोहोचत नाही त्या खाचेत, वाळलेले गंध आणि कुंकू बसले होते.

त्या घरात खंडेनवमीला विळी, अडकित्ता आणि शिवणयंत्राबरोबर अप्पांचे घड्याळही पूजेत मांडीत. इतर वस्तूंवर आई तुळशीच्या पानाने पाणी शिंपडीत. घड्याळावर, विशेषतः अप्पा गेल्यापासून, पळीभर घालीत. तबकडी त्या पाण्याने गेली होती. हे आईला कळू नये म्हणून ती हुबळीत रंगवून आणली, असे अण्णाने मला पुढे सांगितले.

मी भिंग मुलीच्या हाती दिले. "आता तू पाहा. कडेच्या खाचेत."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिची नजर आईच्या बोटांवर गेली.

"काय आहे ग तिथं?" आईंनी विचारले.

"काही नाही, आई. अप्पांचंच आहे." मग ती भावाला हळूच म्हणाली, "मला एकटीला सांगायचं होतंस की रे."

"तुझ्या पोटात राहिलं असतं होय?"

ती हसली नाही. पण त्या दिवशी जेवून गेली.

पुढच्या खंडेनवमीला मी तीर्थ घ्यायला गेलो तेव्हा ती आलेली होती. पूजेची मांडामांड तीच करीत होती. आईंनी पळी भरून घड्याळ मागितले.

"ते अण्णाच्या हातातच असू दे, आई," ती म्हणाली. "यंदा नुसत्या अक्षता."

त्याने मनगट पुढे केले. आईंनी पळी खाली ठेवली आणि अक्षता वाहिल्या.