पलंगावरचा डाव

एक निवृत्त वेल्डर आपल्या मित्रांच्या पत्त्यांच्या डावावर रोज ब्लॉग लिहायचा. कोणी कोणता पत्ता टाकला, कोण कोणाला काय बोललं, सगळं. जाड बोटांनी एकेक अक्षर दाबताना त्याला घाम फुटायचा. हे कोणीच वाचत नाही, आता बंद करावं, असं ठरवून तो अंथरुणाला खिळलेल्या क्रेनवाल्या मित्राला सांगायला गेला.

मित्राच्या चादरीवर पत्ते मांडलेले होते. कालचाच डाव, जसाच्या तसा.

"त्या गवंड्याने हुकमाची राणी दाबून का ठेवली रे? तू लिहिलंच नाहीस!" मित्र तडकला. "सकाळपासून डोकं खाजवतोय मी."

वेल्डर बघतच राहिला. म्हणजे हा गडी रोज आपल्यातच बसून खेळत होता! बंद करायचं बोलणं ओठांवरच राहिलं. खुर्ची ओढून तो राणीची हकीकत सांगू लागला.