काचेच्या बशीतली रोवणी

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली. मार्चच्या उन्हात, गोंदिया शहरात, आणि बांधी, म्हणजे धानाचं खाचर, म्हणाल तर तळहाताएवढी काचेची बशी...

मी इथल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. गावात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला... "मतलब कंपाउंडर बनाते हो?" छप्पन साली गोंदिया मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, हा प्रश्न तेवढा शाबूत आहे.

यंदा मात्र नागपूरच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेला शिकाऊ माणूस हवा होता. तिथले साहेब स्वतः येऊन परीक्षा घेणार होते. काम ऐकायला सोपं... तलावाच्या पाण्यात सतराशे साठ जातींचे जंतू, त्यातली एकच जात वेगळी काढून बशीत निर्भेळ वाढवून दाखवायची.

वर्गातल्या मुलांना रेल्वेत कारकून व्हायचंय, त्यामुळे अर्ज एकटीचाच आला. कौशल्या, आमगावकडच्या एका धान पिकवणाऱ्या घरची मुलगी. घरी सोयरीक जुळत आलेली... वडिलांनी साफ सांगितलं होतं, नोकरी लागली तर बघू, नाही तर अक्षयतृतीयेला अक्षता.

आता माझी हौस ऐका. इंग्रजी शब्द टाळून शिकवायचं हे माझं व्रत. म्हणून मी तिला ऐटीत सांगितलं, "या थिजलेल्या खाद्यावर पाण्यातले जंतू पेरा." विज्ञान झालं, मराठीची सेवाही झाली.

दुसऱ्या दिवशी बशी उघडली तर काठापासून काठापर्यंत एकच बुळबुळीत साय. एक ठिपका सुटा असेल तर शपथ! "कौशल्याबाई," मी म्हटलं, "ही बशी आहे की दूध उतू गेलेली चूल?"

"तुमीच तं पेरा म्हनले, सर. आवत्या टाकला मी."

हा आवत्या कोण, हे मला कुठून माहीत? मी साताऱ्याकडचा, धानाशी माझा संबंध ताटापुरता. तिने मला समजावलं... मुठीने शेतभर बी फेकून पेरतात तो आवत्या. म्हणजे मी जे बोललो ते तिने तंतोतंत केलं होतं.

मग मी तारेची बारीक कडी घेऊन करून दाखवलं. बशीच्या एका कडेला थेंब दाट लावायचा. तिथून रेघा ओढत ओढत विरळ करत न्यायचं, शेवटी एकेक जंतू सुटा पडतो, त्याचा वेगळा ठिपका वाढतो. तो उचलून नव्या बशीत.

ती बघत राहिली आणि एकदम माझ्यावरच उखडली. "हे तं पऱ्हे टाकून रोवनी कराचं काम हाय! मंग रोवा म्हनाचं ना... पेरा काऊन म्हनले?"

पऱ्हे म्हणजे दाट पेरून उगवलेली रोपं, ती उपटून एकेक सुटी लावायची ती रोवणी, हेही मला तेव्हाच कळलं. पुण्यात विद्यार्थी मनात म्हणतात, इकडे तोंडावर म्हणतात. वेळ वाचतो. ती पुन्हा कामाला लागली.

साहेब आले त्या दिवशी सकाळपासून तिचे वडील व्हरांड्यात छत्री टेकून बसलेले. मला बघून म्हणाले, "पोरगी जंतूच पाहून राहिली का अजून?" मी म्हटलं, "आज जंतू तिला पाहणार आहेत."

बशी सुरेख आली होती. साहेबांनी ती खिडकीकडे धरली, मान हलवली... आणि इंग्रजीत विचारलं, हे कसं साधलं ते सांगा. कौशल्याचं पाठ केलेलं सगळं इंग्रजी क्षणात गेलं... साहेब घड्याळाकडे बघायला लागले.

"मराठीत चालेल का?" मी मध्ये तोंड घातलं.

"मला कळलं पाहिजे, बस."

"साहेब," ती म्हणाली, "आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकाचे, दाट. मंग विरळ करत न्याचं. एक रोप सुटं झालं का उपडून दुसऱ्या बांधीत रोवाचं... तेथं दुसरं काहीच उगवाले नाही पाहिजे."

"आणि उगवलं तर?"

"तं मह्या हाताची चूक. फेकाचं, अन् पुन्हा रोवाचं."

साहेब हसले नाहीत. "आमच्याकडे असे लोक आहेत," ते म्हणाले, "जे म्हणतात बशीची चूक." मग तिला विचारलं, जुलैपासून याल का?

तिने व्हरांड्याकडे बघितलं.

मी बाहेर जाऊन वडिलांना बातमी दिली. त्यांनी विचारलं, "हे काम म्हंजे कायचं, सर?" मी म्हटलं, "नागपूरच्या लोकांनी प्यायचं पाणी आधी हिच्या नजरेखालून जाणार. हिने नाही म्हटलं की तो नळ बंद."

"घरी बी हेच चालते," वडील म्हणाले. "हिनं नाही म्हनलं का बंद."

त्यांनी छत्रीच्या मुठीवर अंगठा फिरवला. मग उठले. "पावन्यायले निरोप धाडतो. पोरगी नोकरीवर चालली... थांबत असन तं थांबा म्हनतो." आणि आत वाकून हाक मारली, "चाल वो बाई, साहेबाले हो म्हन, गाडी सुटन!"

हल्ली नवा धडा काढला की आधी वर्गालाच विचारतो, तुमच्या घरी याला काय म्हणता रे? उत्तरं येतात ती कुठल्याच पुस्तकात नाहीत... पण शेवटच्या बाकावरची पोरं बोलायला लागली आहेत, आणि परवा त्यातल्या दोघांनी नागपूरचा पत्ता मागितला. मला ओरडल्याबद्दल कौशल्याचे आभार मानायचे राहून गेले होते. ते इथे मानतो.