कोऱ्या चिंध्यांची ट्रंक

चिंधीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि ते मास्तरही नव्हेत. ते लिफ्ट तपासणीस. पण कचेरीत ज्या कुणी हे नाव ठेवलं त्यानं इतकं चपखल ठेवलं, की पगारपत्रकावरचं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं.

लिफ्ट ज्या पोलादी दोरांवर लोंबकळते ते दोर शेकडो बारीक तारा पिळून केलेले असतात. दोर म्हातारा होऊ लागला की त्यातली एकेक तार तुटते आणि तिचं टोक कुसासारखं बाहेर येतं. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून दोराभोवती कापडाची चिंधी धरायची आणि लिफ्ट सावकाश चालवायची. टोक असेल तिथे चिंधी अडकते. एका लिफ्टला एक चिंधी, तीही कोरी, कारण वंगणानं माखलेली चिंधी नुसती घसरते आणि खोटं बोलते. मास्तरांची बायको दर रविवारी जुन्या चादरी फाडून आठवड्याच्या चिंध्या करून द्यायची. वापरलेली चिंधी मास्तर तिथेच टाकून यायचे.

"चार दोर असतात हो, एक गेला तर तीन आहेत की," असं कुणी म्हणालं की मास्तर उसळायचे. "चौघे जुळे भाऊ आहेत ते. एकाचे केस पिकले की बाकीच्यांचे काळे राहतात का?"

मास्तरांचे वडील हमाल होते. लोकांची कपाटं, पलंग पाठीवर घेऊन जिने चढायचे. त्या काळी पैसेवाले खाली राहायचे आणि गरीब वर, कारण वर चढायचं कुणाला होतं? मास्तरांचं कुटुंब पाचव्या मजल्यावर, पत्र्याखाली. आई पाणी खालून वर आणायची. मग लिफ्ट आली आणि सगळं उलटंपालटं झालं. ज्यांना कुणी वर जा म्हणालं असतं तर राग आला असता, तेच लोक वरच्या मजल्यासाठी भांडू लागले. वडिलांचे गुडघे मात्र तोवर कामातून गेले होते. ते मरताना पोराला म्हणाले होते, "तू साहेब हो. माझ्यासारखा पाठीनं चढू नकोस." पोरानं ते मनावर घेतलं. मुख्य तपासणीस व्हायचं, दारावर पाटी असलेली खोली मिळवायची आणि लिफ्टच्या घरात राहायचं. शेवटचं तेवढं झालं. सातव्या मजल्यावर घर झालं, तेही स्वतः तपासतात त्याच भागात. पाटीची खोली मात्र पंचवीस वर्षं पुढेच पळत राहिली.

कारण मास्तर दिवसाला चार लिफ्टा बघायचे. छताजवळ चढायचे, अंग काळंकुट्ट करून घ्यायचे आणि मगच लिफ्टमधल्या कार्डावर सही करायचे. कचेरीत मोबाइलवरचा फॉर्म आला तेव्हा नियम झाला, दिवसाला आठ. हाताखाली शिकलेली पोरं आठाच्या दहा करू लागली. त्यातलाच एक मास्तरांच्या डोक्यावर वरिष्ठ म्हणून येऊन बसला आणि वर मायेनं म्हणाला, "मास्तर, चिंधी कशाला? फोटो काढा ना."

आठ महिन्यांपूर्वी एका इमारतीत गच्चीवरच्या मोटरच्या खोलीची किल्ली असलेला माणूस बाहेर गेला होता. मास्तर अर्धा तास थांबले, घड्याळ बघितलं आणि खालीच सही केली. त्या दिवशी आकाश कोसळलं नाही. कोसळायला हवं होतं. पहिल्या सहीला पेन अडखळलं, दहाव्या सहीला अडखळलं नाही आणि पुढे पुढे तर वॉचमन खुर्ची टाकून चहा देऊ लागला.

एकच अडचण होती. चिंध्या उरायला लागल्या. बायकोला "फाडू नकोस" म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. टाकाव्यात तर हात होत नव्हता. मग माळ्यावरच्या ट्रंकेत ते त्या घड्या घालून ठेवू लागले. बायको बिचारी दर रविवारी कापड फाडत राहिली. एकदा म्हणाली, "तुमच्या या कामापायी घरात अंगाखाली घालायला चादर उरणार नाही." मास्तर हसले. इतकं वाईट हसू त्यांच्या तोंडावर आजवर आलं नव्हतं.

आणि फळ मिळालं बरं का! शनिवारी वरिष्ठानं कानात सांगितलं, "सोमवारी पत्र निघतंय. मुख्य तपासणीस!" सत्तावन्नाव्या वर्षी, म्हणजे निवृत्तीला एकच वर्ष उरलं असताना, पण मिळालं. त्या रात्री मास्तरांना वडिलांचे गुडघे स्वप्नात दिसले.

रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना. नवरा दौऱ्यावर, आणि ती आठवड्यापूर्वीच नव्या घरात राहायला गेलेली, अकराव्या मजल्यावर.

"बाबा, एक गंमत सांगायची राहिलीच! इथल्या लिफ्टमध्ये तुमची सही आहे. घर बघायला आलो तेव्हाच दिसली. ह्यांना म्हटलं, आता दुसरं घर बघायचंच नाही. बाबांनी पाहिलेली लिफ्ट आहे."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "कालव्याजवळची इमारत का? पिवळी?"

"तीच. का हो?"

"काही नाही. येतोय मी. मी येईपर्यंत खाली उतरू नकोस."

त्या इमारतीतला चहा त्यांना लख्ख आठवत होता. आलं घातलेला, फार छान. वर चढल्याचं काही आठवत नव्हतं, कारण ते चढलेच नव्हते.

बायकोनं नुकत्याच फाडलेल्या चिंध्यांतली एक त्यांनी खिशात घातली. अकरा मजले पायी चढून मोटरच्या खोलीत गेले. दोराला हात लावला तर तो वंगणानं गुळगुळीत. तपासणीच्या आधी दोर असा माखून ठेवला की चिंधी लोण्यावरून गेल्यासारखी जाते, ही देखभालवाल्यांची जुनी लबाडी. मास्तरांनी वंगण पुसून काढलं, वॉचमनला लिफ्ट हळू चालवायला लावलं आणि चिंधी धरली. दोन हात दोर सरकला नाही तोच ती अडकली. सोडवली, पुन्हा अडकली. दुसऱ्या दोरालाही तेच. तिसऱ्या दोरावर चिंधी हातातून हिसकली गेली आणि तिचं एक चिरगुट दोराबरोबर खाली निघून गेलं.

त्यांनी मुख्य बटण बंद केलं. दारावर लाल पाटी लावली. सोसायटीचे अध्यक्ष बनियनवरच धावत आले. "अहो, चार महिन्यांपूर्वी तर तुम्हीच ठीक म्हणून सही केलीत! चार महिन्यांत दोर असा होतो?"

"नाही होत," मास्तर म्हणाले. "त्याला वर्षं लागतात."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि कार्डावर स्वतःच्या जुन्या सहीशेजारी लिहिलं, 'ही तपासणी झालेली नाही.' त्याखाली पुन्हा सही केली. कचेरीतली ती नावाची पाटी, ती खोली, वडिलांचं ते मरतानाचं बोलणं, सगळं त्या एका ओळीत गेलं. हे त्यांना कळत होतं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना जरा मोकळा श्वास आला.

मुलगी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिला यातलं काही कळलं नव्हतं. "बरं झालं बाबा, तुम्ही वेळेवर पाहिलंत. तुम्ही होतात म्हणून!"

मास्तरांना तिच्या नजरेला नजर देता आली नाही. "दोर बदलेपर्यंत आमच्याकडे ये राहायला," ते म्हणाले. "सावकाश उतर, शेजारणीला बरोबर घे. टॅक्सी कर. मी पुढे जातो, मला घरी काम आहे."

काम म्हणजे ट्रंक. घरी येताच त्यांनी ती माळ्यावरून ओढून खाली काढली आणि बायकोसमोर उघडली. घडीवर घडी, पांढऱ्या, निळ्या, फुलाफुलांच्या, त्यांच्या घरातल्या सगळ्या जुन्या चादरी. एकीलाही काळा डाग नव्हता.

बायकोनं एक उचलून उलटीसुलटी केली. ती पंचवीस वर्षं चिंध्या फाडत होती, तिला कोरी चिंधी म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "या सगळ्या?"

"सगळ्या."

"म्हणजे इतक्या लिफ्टा..."

"हो. आणि कुठल्या ते आता मलाही सांगता येणार नाही. फॉर्मवर सगळ्या 'ठीक' आहेत. पाहिलेल्याही आणि न पाहिलेल्याही. उद्या कचेरीत ही ट्रंक घेऊन जातो. सगळ्या पुन्हा बघायला लागतील. काय करायचं ते करू देत माझं."

बायकोनं हातातली चिंधी पुन्हा घडी घालून ठेवली. मग तिनं हळूच विचारलं, "अहो, आपल्या लिफ्टची चिंधी यात आहे का?"

कुठली लिफ्ट पाहिली आणि कुठली नाही याचा मास्तरांच्या डोक्यात काला झाला होता, पण ही त्यांना स्वच्छ आठवली. पाच महिन्यांपूर्वीची संध्याकाळ. एका हातात भाजीची पिशवी, घर आलंच होतं, पाय दुखत होते. भाजी खालीही न ठेवता त्यांनी दुसऱ्या हातानं सही केली होती. सकाळपासून त्यांना शहरातली प्रत्येक लिफ्ट आठवून गेली होती, पण स्वतःच्या घराचं मनातसुद्धा आलं नव्हतं. आत्ताही ते त्याच लिफ्टनं वर आले होते.

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, पोचले एकदाची. शेजारीणही आलीय बॅगा घेऊन. तिथले अकरा मजले उतरून कंबरेचे काटे ढिले झालेत. येतो आता आरामात वर."

"थांब! बाळा, लिफ्टमध्ये..."

लिफ्टचं दार बंद झालं की आत फोन लागत नाही. मास्तर अनवाणीच बाहेर धावले आणि बटण दाबत सुटले. हातात ट्रंकेतली एक फुलाफुलांची चिंधी तशीच राहिली होती. वर मोटर घरघरली. दाराच्या चौकटीवर एकचा दिवा लागला, मग दोनचा. तिसऱ्यावर दिवा जरा जास्तच रेंगाळला.

"बाबा आहेत ना," आतून, खालून कुठून तरी मुलीचं शेजारणीशी बोलणं ऐकू आलं, "इथे काही काळजी नाही."

मग चार लागला.